जुन्या घरातले नवे बिऱ्हाड

खांदेश्वरच्या तळ्याकाठी आज कोणीही खिशातल्या फोनने छायाचित्र टिपतो. या सोयीचे पूर्वरूप मात्र अवजड होते. १९९१ साली कोडॅक कंपनीने वृत्तछायाचित्रकारांसाठी डीसीएस हा अंकीय कॅमेरा विक्रीस आणला. त्याची काया निकॉन एफ-३ या फिल्मच्या कॅमेऱ्याचीच. भिंगातून आलेले दृश्य आरसा डोळ्याकडे वळवी. कळ दाबताच तो वर उचलला जाई. हे सारे जुनेच. फिल्मच्या जागी तेवढा सुमारे १३ लाख बिंदूंचा प्रकाशसंवेदक बसविला. तो फिल्मच्या चौकटीहून लहान, म्हणून दृश्याच्या कडा सुटत. चित्रांची तबकडी व बॅटऱ्या खांद्याला अडकविलेल्या वेगळ्या पेटीत. तीत १५६ चित्रे मावत. ओझे वाढले खरे, पण फिल्म धुण्याचा वेळ वाचला. आणि कॅमेरा ओळखीचाच असल्याने छायाचित्रकाराचा हात बिचकला नाही.