उसंत

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे व्यंकटेश खेडगीकर. आधी कामगारनेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक, मग संन्यास. माणूस पहिल्या पाच-सहा वर्षांतच घडतो, हे फ्रॉइडचे मत अशा आयुष्यांपुढे मला अपुरे वाटते.

एरिक एरिक्सनने ही जडणघडण म्हातारपणापर्यंत, आठ टप्प्यांत पाहिली. कळीचा टप्पा किशोरवयाचा: मी कोण? उत्तर शोधायला मुलांना उसंत हवी, असे तो म्हणे. स्वतः तो शाळेनंतर चित्रे काढत युरोपात भटकला. पदवी घेतलीच नाही. (आम्हा बिनपदवीवाल्यांना तेवढाच दिलासा!)

काही मुले मात्र शोध न घेताच आईवडिलांनी दिलेली ओळख पत्करतात, असे जेम्स मार्शियाने १९६६ मध्ये दाखवले. वरून ती ठाम दिसतात. पण त्याच्या चाचण्यांत अपयश आल्यावरही ती आपले अवाजवी उद्दिष्ट खाली आणत नव्हती.

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांबाहेर अशी ठाम मुले मला भेटतात. काय होणार? ‘डॉक्टर.’ नीटमध्ये नंबर नाही लागला तर? ‘रिपीट.’ तरीही नाही लागला तर? ‘परत रिपीट. पप्पांनी फी भरलीये, काका.’