हार्ड डिस्क फॉरमॅट होत नाही? आधी डेटा बघा, मग वायर

चौल : लग्नाचे व्हिडिओ, दत्त जयंतीच्या जत्रेचं शूटिंग, सातबाऱ्याचे स्कॅन, सगळं एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये ठेवायची सवय आता घरोघरी झाली आहे. ती डिस्क एक दिवस उघडत नाही. विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणतं आणि करायला गेलं तर तेही होत नाही. अशा वेळी काय करायचं?

डेटा हवा असेल तर : फॉरमॅटचा नाद सोडा. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. डिस्क टकटक वाजत असेल तर लगेच काढा, चालू ठेवली तर बिघाड वाढतो. डेटा रिकव्हरी करणाऱ्यालाच दाखवा.

डेटा नको असेल तर : आधी वायर बदला. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पिना गंजतात. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला लावून बघा.

तरी जमलं नाही तर स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क तिथे दिसली तर जुनं पार्टिशन डिलीट करून नवं बनवा. मात्र जीबी बघूनच डिस्क निवडा, नंबर चुकला तर भलतीच डिस्क साफ होईल. तिथेही दिसत नसेल तर बिघाड बहुतेक डिस्कचा किंवा तिच्या सर्किटचा आहे.

कुठला फॉरमॅट? : फक्त विंडोजसाठी एनटीएफएस, मॅकवरही वापरायची असेल तर एक्सफॅट. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. घरात पाणी शिरलं तर डिस्कही गेली. म्हणून महत्त्वाच्या फाईलींची एक कॉपी घराबाहेर, नातेवाइकाकडे ठेवाच.