प्रूफ एकच, मग दिसतं वेगळं का?

लग्नपत्रिकेची पीडीएफ आपण ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. फाइल सीएमवायकेमध्ये, पडदा आरजीबी. मधलं रूपांतर त्याच्या फोनमधलं अ‍ॅप आपल्या पद्धतीनं करतं. म्हणून आपला कुंकवाचा लाल तिकडे झगझगीत दिसू शकतो. रंगाचं एक वेळ निभावतं हो, ओव्हरप्रिंटचं निभावत नाही. ओव्हरप्रिंट म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापणं. लाल पट्ट्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना ते चुकून लागलं असेल आणि अ‍ॅप ती सेटिंग पाळत नसेल, तर नवरीचं नाव पडद्यावर ठळक दिसतं. ग्राहक ‘ओके’ म्हणतो. छापताना पांढऱ्याला शाईच नाही, नाव गायब! अ‍ॅक्रोबॅटमध्येही ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू मुळात फक्त पीडीएफ/एक्स फाइलींसाठीच चालू असतो.

म्हणून बघण्याची प्रत आपणच वेगळी काढायची: ओव्हरप्रिंट धरून, छपाईच्या कागदाचं प्रोफाइल लावून, एसआरजीबीमध्ये. मजकूर आणि मांडणी तिच्यावर मंजूर करून घेऊ. रंगाची सही मात्र कागदी प्रूफवर, तीही ५००० केल्विनच्या उजेडात. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली नको.