उद्याविषयी बोलताना

उर्दूत पुढे होणारी गोष्ट सांगताना तुम्ही 'मैं जाऊँगा', 'वह आएगी' असे म्हणता. 'गा, गे, गी' लावले की काम झाले! त्याच सवयीने इंग्रजीतही तुम्ही सगळीकडे 'विल' लावता. पण इंग्रजीत उद्याविषयी बोलण्याच्या अनेक रीती आहेत. रीत बदलली की अर्थही थोडा बदलतो.

समजा, आई म्हणाली, "घरातली साखर संपली." तुम्ही लगेच म्हणता, "मी आणतो." हे तुम्ही त्याच क्षणी ठरवले. इंग्रजीत अशा वेळी 'आय विल ब्रिंग इट' म्हणतात. मराठीत येथे वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीत 'आय ब्रिंग इट' चालत नाही.

आता समजा, साखर आणायचे तुम्ही आधीच ठरवले होते. मग तुम्ही म्हणाल, "हो, मी आणणार आहे." या 'णार आहे'साठी इंग्रजीत 'गोइंग टू' येते: 'आय अ‍ॅम गोइंग टू ब्रिंग इट'.

अंदाज सांगतानाही असाच फरक असतो. आकाशात काळे ढग दाटले आहेत, वारा सुटला आहे. डोळ्यांसमोर खूण दिसते, म्हणून 'इट इज गोइंग टू रेन' म्हणावे. खूण नाही, केवळ आपले मत आहे, तर 'आय थिंक इट विल रेन टुमॉरो' म्हणावे.

भेटीची वेळ दुसऱ्या माणसाशी पक्की झाली असेल, तर 'आय अ‍ॅम मीटिंग हिम अ‍ॅट फाइव्ह' असे म्हणतात. वेळापत्रकातील गोष्टीला मात्र साधा वर्तमानकाळ पुरतो. 'गाडी उद्या सहाला सुटते' हे इंग्रजीत 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो' असे होते.

एक चूक मात्र टाळा. 'पाऊस आला तर आम्ही घरी थांबू' या वाक्यात 'तर'च्या आधी भविष्यकाळ नाही. उर्दूतही आपण 'अगर बारिश हुई तो' म्हणतो. इंग्रजीतही 'इफ'नंतर येथे 'विल' येत नाही. 'इफ इट रेन्स, वी विल स्टे अ‍ॅट होम' हे वाक्य बरोबर आहे.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. उद्या मुलाखतीत कोणी इंग्रजीत विचारील, "दहावीनंतर काय करणार?" तुम्ही 'आय थिंक आय विल स्टडी सायन्स' म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल, या मुलाचे अजून नक्की नाही. 'आय अ‍ॅम गोइंग टू स्टडी सायन्स' म्हणालात, तर त्याला कळेल, या मुलाने विचार करून ठरवले आहे.

म्हणून बोलण्यापूर्वी स्वतःला विचारा : हे मी आत्ता ठरवले की आधी? खूण पाहून बोलतो की नुसते वाटते म्हणून? उत्तर मिळाले की योग्य रचना आपोआप सुचेल.