टाकी घासून लख्ख केली, आणि मासे गेले

मासे बादलीत काढायचे, टाकी पूर्ण रिकामी करायची, खडी नळाखाली खळखळून धुवायची, फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळायचा आणि ताजं पाणी काठोकाठ भरायचं. बहुतेक घरांत फिशटँक अशीच साफ होते. दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागतात, एखादा उलटा तरंगतो, आणि दोष जातो दुकानदाराकडे: ‘त्यानंच आजारी मासे गळ्यात मारले.’ कधी ते खरंही असेल. पण पुष्कळदा मासे धडधाकट असतात, त्यांना आपली साफसफाई भोवते.

‘सगळं पाणी बदललं की टाकी स्वच्छ’ हा यातला सगळ्यात महागात पडणारा समज. मासे अमोनिया बाहेर टाकतात, आणि तो मुख्यतः कल्ल्यांतून, दिवसरात्र. न खाल्लेलं खाद्य कुजून त्यात भर घालतं. जमलेल्या टाकीत नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा त्याचं पुढे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, तिसरं त्यामानानं सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. म्हणजे खरा घात पाणी ओतून देण्यापेक्षाही स्पंज आणि खडी नळाखाली धुण्यानं होतो, कारण क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो आणि त्याला आपला-परका कळत नाही. नव्या टाकीत ही वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सगळं घासून काढलं की टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. फरक इतकाच की आता तिच्यात मासे पूर्ण भरलेले असतात. पाणी मात्र आरशासारखं दिसतं, कारण अमोनियाला रंग नाही.

मग बदलायचं किती? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर ४५ लिटर धरा. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे अकरा-बारा लिटर, पुरती बादलीभरही नाही. आठवड्याला एवढं पुरतं. मासे टाकीतच राहू द्यायचे, कारण जाळीत धरताना अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि रोगांना वाट मिळते. आधी हीटरचा प्लग काढायचा, मग नळीनं खडीतला गाळ ओढून घ्यायचा. स्पंज त्याच काढलेल्या मळकट पाण्यात दोनदा दाबायचा, बस्स.

याच्या उलट एक पंथ आहे: ‘जुनं पाणी माशांना मानवतं, कमी झालं की वरून भरायचं.’ हा समज जास्त फसवा, कारण महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. वाफ होऊन फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, आणि भर घालताना नवे क्षार येतात. शिवाय जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होतं. पाण्यातले कार्बोनेट संपत जातात आणि पीएच खाली घसरतो. आम्लधर्मी पाण्यात बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, तो फारसा बाधत नाही. मासे या संथ घसरणीला सरावतात. मग एके दिवशी मालकाला उपरती होते, तो अर्धीअधिक टाकी बदलतो, पीएच झटकन वर जातो आणि साठलेल्या अमोनियमचा काही भाग तिथल्या तिथे विषारी अमोनिया होतो. ‘पाणी बदललं म्हणून मासे मेले’ ही तक्रार अशा वेळी अगदी खरी असते, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा असतो. अशी टाकी सावरायची तर दर एक-दोन दिवसांनी दहावा हिस्साच बदलत जायचं.

‘पाणी म्हणजे पाणी, नळ तर तोच आहे’ हेही तपासून घ्यावं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत कल्ल्यांवाटे आत शिरत असतं आणि मासा ते सतत बाहेर टाकत असतो. बाहेरचे क्षार एकदम बदलले की हा हिशेब विस्कटतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं मऊ पाणी मिळतं. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. मे महिन्यात सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा झाला की नळ तोच, पाणी वेगळं. घरात आरओ असलेल्या पुष्कळांकडे टीडीएस मीटर असतो, तो बादलीत बुडवून पाहायला काय हरकत आहे? आणि हो, नुसतं आरओचं पाणी ‘शुद्ध’ म्हणून भरू नये; त्यात पीएच धरून ठेवणारे कार्बोनेट जवळपास नसतातच.

क्लोरीनबद्दलचा समज अर्धा बरोबर आहे. पसरट तोंडाच्या बादलीत रात्रभर ठेवलं की साधा क्लोरीन उडतो. झाकण लावलेल्या पिंपातून उडत नाही, आणि क्लोरामाइन असेल तर बादलीतूनही सहज जात नाही. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कल्ल्यांना तेवढाही झोंबतो. दुकानातलं अँटी-क्लोरीन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटोग्राफरांचा हायपो. ते काही मिनिटांत काम करतं. बादलीत घालून मगच ओतावं.

उन्हाळ्यात मासे धापा टाकतात म्हणून फ्रीजचं पाणी ओतणारे भेटतात. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. कमतरता हवेची आहे, तेव्हा एअरपंप वाढवा. नवं पाणी टाकीपेक्षा अंश-दोन अंशांहून जास्त वेगळं नसावं. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी तर उलट चटका देतं.

निळं औषध आणि मूठभर मीठ दर वेळी घालायची पद्धतही सोडून द्यावी. मिथिलीन ब्लू उपयोगी जिवाणूंनाही मारतं, आणि मीठ वाफेबरोबर उडत नाही.

चौथ्या हिश्शाच्या नियमाला अपवाद आहे. लहान मुलानं खाद्याचा अख्खा डबा ओतला किंवा टेस्ट किटवर अमोनिया दिसला, आणि टाकीचं पाणी एरवी नियमित बदललेलं असेल, तर निम्मं पाणी लगेच बदला. तेव्हाही तापमान जुळवायचं, अँटी-क्लोरीन घालायचं, आणि पुढचे दोन दिवस खाद्य बंद ठेवायचं. मोठ्या माशांना तेवढा उपास झेपतो.