पायाखालची वाहवा

उळवीचा पाऊस ज्याने पाहिला नाही, त्याला ओल म्हणजे काय हे सांगून कळावयाचे नाही. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील हे गाव काळी व्याघ्रप्रकल्पाच्या अरण्याने वेढलेले आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास चन्नबसवण्णांच्या समाधीच्या यात्रेस घाटावरून बैलगाड्या येतात, तेव्हा येथील वाटांवर धूळ उडत असते. तेच गाव आषाढ-श्रावणात असे भिजते, की घडीच्या कपड्यांवर बुरशीचे ठिपके पडतात, काडीपेटीतील काडी ओढून पेटत नाही आणि बाजाच्या पेटीचे सूर एकेक करून मुके होतात.

या गावी माझ्या धाकट्या बहिणीचे घर आहे. गेल्या श्रावणात तिच्याकडे गेलो, तेव्हा ओसरीवर वाद रंगला होता. माझा भाचा एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. लग्नसराई आणि गणेशोत्सव हे त्याचे कमाईचे दिवस. दोन हंगामांतून शिल्लक टाकून त्याने शहरातून एक वाह पेडल आणले होते. पहिल्याच पावसाळ्यात ते सुराऐवजी 'खर्र खर्र' असा आवाज काढू लागले. दुरुस्तीस नेले, तर दुकानदाराने उघडूनही न पाहता "फेकून द्या, नवे घ्या," असा निकाल दिला. गणेश चतुर्थी तीन आठवड्यांवर आली होती.

"दादा, आता तूच सांग याला," बहीण म्हणाली. "पायाने दाबायच्या या लोखंडी खोक्यात इतके पैसे गेले, आणि आता म्हणतो तसलेच दुसरे हवे."

"मामा, त्याच्याशिवाय निम्मी गाणी उठतच नाहीत," भाचा म्हणाला.

मी बाजाची पेटी उघडून साफ करणारा मनुष्य. विजेच्या वाद्यांशी माझा परिचय बेताचाच. परंतु ज्याला स्क्रू आहेत ते उघडते, आणि जे उघडते त्याची निगा राखता येते, एवढे मला ठाऊक होते. त्या दोन दिवसांत जे पाहिले, आणि पुढे वाचून व जाणत्यांना विचारून जे समजले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्या अनेक घरांतील मुले आता गिटार वाजवतात. त्यांच्या आईवडिलांनाही याचा उपयोग व्हावा.

घुमटाचे तोंड आणि गिटारचे तोंड

हे खोके करते तरी काय, असे बहिणीने विचारले. मी तिला घुमटाची आठवण दिली. गोव्यात आणि आमच्या या जिल्ह्यात घुमट सर्वांच्या परिचयाचे आहे. कानडीत त्यास गुमटे म्हणतात. मातीच्या या वाद्यास दोन तोंडे असतात. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि धाकटे तोंड मोकळे. वादक उजव्या हाताने कातड्यावर थाप देतो आणि डाव्या तळव्याने धाकटे तोंड झाकतो किंवा उघडतो. थाप तीच, पण तळवा हलला की नाद घुमटा होतो, मोकळा होतो, जणू बोलू लागतो.

आपल्या तोंडाचेही असेच आहे. 'ऊ' म्हणताना ओठ मिटत येतात, 'आ' म्हणताना मोकळे होतात. कंठातून निघणारा स्वर बदलला नाही, तरी तोंडाच्या पोकळीचा आकार बदलल्यामुळे त्यातील निराळे उपस्वर पुढे येतात. 'ऊ'कडून 'आ'कडे सावकाश जावे, म्हणजे आपोआप 'वा' असा उच्चार होतो. वाह पेडल गिटारच्या स्वरास हेच तोंड देते. टाच दाबली की सुमारे 400 हर्ट्झच्या आसपासचे खालचे स्वर उठावतात आणि नाद मिटल्यासारखा होतो. पंजा दाबला की तो उठाव सरकत सुमारे 2,000 हर्ट्झपर्यंत जातो आणि नाद उघडतो. आपण गाण्याला दाद देताना 'वाहवा' म्हणतो आणि या यंत्राचे नावही 'वाह-वाह'. हा योगायोग असला, तरी मोठा गोड आहे.

एका तुतारीवाल्याचे नाव

विजेच्या आधी हा परिणाम ट्रम्पेटवर साधत असत. ट्रम्पेटच्या तोंडात धातूचे बूच बसवून वादक त्याच्यापुढे तळवा उघडझाप करीत. अमेरिकेतील क्लाइड मॅकॉय यांचे 'शुगर ब्लूज' हे वादन 1931 सालापासून यासाठीच गाजले. ट्रम्पेटचा नाद आपल्याकडेही नवा नव्हता. गोव्याचे चिक चॉकलेट हे मुंबईतील जॅझचे नामांकित ट्रम्पेटवादक, आणि सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (1951) या चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो.

पेडलचा जन्म 1966 साली कॅलिफोर्नियातील थॉमस ऑर्गन या कंपनीत झाला. व्हॉक्स अँप्लिफायरमध्ये मधल्या स्वरांना उठाव देणारे एक टप्प्याटप्प्याचे बटन होते. ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्याने खर्च वाचविण्यासाठी त्याच्या जागी सलग फिरणारा कंट्रोल बसविला आणि तो ऑर्गनच्या पायपट्टीला जोडून पाहिला. तारेतून शब्द उमटावा तसा नाद निघाला. गिटारवादक डेल कॅशर यांनी हे यंत्र गिटारसाठीच असावे असा आग्रह धरला. कंपनीने मात्र 1967 साली ते तुतारीवाले क्लाइड मॅकॉय यांच्या नावाने बाजारात आणले. ते गाजविले गिटारवाल्यांनीच. जिमी हेंड्रिक्स यांचे 'व्हूडू चाइल्ड' (1968) आणि आयझॅक हेज यांचे 'शाफ्ट' या चित्रपटाचे संगीत (1971) ही त्याची ठळक उदाहरणे. त्यापुढील दशकात राहुल देव बर्मन आणि कल्याणजी-आनंदजी यांच्या संगीतातून हा नाद आपल्या घराघरांत पोहोचला. भाच्याची 'निम्मी गाणी' ती हीच.

निवड कशी करावी

वाह पेडलचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात पायपट्टीच्या खाली दात्यांची पट्टी असते. ती एक दातेरी चाक फिरवते आणि ते चाक रेडिओच्या आवाजाच्या बटनासारखा एक कंट्रोल फिरवते. क्राय बेबी आणि व्हॉक्स यांची प्रचलित पेडले या जातीची. दुसऱ्या प्रकारात घासणारा कंट्रोलच नसतो. आत एक दिवा व प्रकाशाने बदलणारा एक घटक असतो, आणि पट्टी हलली की त्या घटकावर पडणारा प्रकाश कमीजास्त होतो. मॉर्लीची पेडले अशा तऱ्हेची म्हणून प्रसिद्ध आहेत.

दमट गावात दुसरा प्रकार सोयीचा, हे खरे. जेथे घर्षण नाही तेथे खरखर नाही. परंतु दिवा तेवत ठेवावा लागत असल्याने बॅटरी लवकर संपते, आणि बिघाड झाल्यास तो गावच्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचा असतो. पहिल्या प्रकाराचा कंट्रोल झिजतो, पण सुटा मिळतो व बदलता येतो. म्हणून माझे मत असे, की शहरापासून दूर राहणाऱ्याने साधे, स्क्रूने उघडणारे पेडल घ्यावे आणि त्याच दिवशी त्याचा एक जादा कंट्रोलही घेऊन ठेवावा. रेडिओच्या दुकानातील सर्वसाधारण 100 किलोओहमचा कंट्रोल अडीअडचणीला चालवता येईल. पण त्याच्या दांड्यावर दातेरी चाक बसले पाहिजे, आणि तरीही वळणाचा अंदाज बदलतो. पायाखाली 'वा' निराळ्याच जागी उमटतो.

दुकानात आपली गिटार नेऊन चार गोष्टी पाहाव्यात. एक, पट्टी अगदी सावकाश टाचेपासून पंज्यापर्यंत न्यावी. खरखर असेल तर याच वेळी ऐकू येते. दोन, पंजा पूर्ण दाबून स्विच चालू-बंद करावा. त्यास फार जोर लागू नये आणि वाजवताना तो अवचित दाबलाही जाऊ नये. तीन, पेडल बंद ठेवून गिटार वाजवावी, मग पेडल काढून थेट वाजवावी. जुन्या रचनेच्या पेडलांत बंद स्थितीतही गिटारची तार आतल्या भागाशी जोडलेली राहते आणि वरचे स्वर थोडे मंदावतात. फरक खटकत असेल तर जे बंद असताना पूर्ण बाजूला होते, असे पेडल मागावे. चार, जुने पेडल घेत असल्यास ते उलटे करून बॅटरीचा कप्पा पाहावा. तेथे पांढरी वा हिरवी पूड दिसली, तर बॅटरी गळून आतील भाग खाल्ला गेला आहे, असे समजावे.

ॲडॉप्टरबद्दल विशेष सावध राहावे. बहुतेक पेडलांना 9 व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मध्यभागी ऋण टोक असते. घरातील इंटरनेटच्या खोक्याचे ॲडॉप्टर बहुधा 12 व्होल्टचे असून त्याचे मधले टोक धन असते. पीन बसते म्हणून ते लावले, की एका क्षणात नुकसान होते.

ओलीशी वैर

आता आमच्या पेडलकडे वळतो. तळाचे चार रबरी पाय स्क्रूनेच बसविलेले होते. ते काढताच तळपत्रा सुटला. आत पाहतो तो कंट्रोलभोवती तेलाचा काळा चिखल! भाच्याने मान खाली घातली. खरखर सुरू झाल्यावर त्याने आईच्या शिवणयंत्राचे तेल आत सोडले होते. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. कंट्रोलच्या आत कार्बनचा पातळ थर असतो आणि त्यावर एक पत्ती घासत फिरते. तेथे तेल गेले की मांडवातील सगळी धूळ त्याला चिकटते. खोबरेल, शिवणयंत्राचे तेल, गंज सोडविण्याचा फवारा, यांपैकी काहीही तेथे वापरू नये. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तोच कंट्रोलच्या फटीतून थोडा सोडावा, पट्टी पंचवीस-तीस वेळा हलवावी आणि पूर्ण वाळू द्यावे.

आम्ही दांडेलीहून तो आणविला. प्रथम मऊ ब्रशने चिखल काढला. दातेरी चाक आणि पट्टी कोणत्या दात्यावर मिळतात, तेथे पेन्सिलीने खूण केली, मगच पट्टी सैल केली. ही खूण विसरली, तर जुळणी चुकते आणि पेडल अर्धेच बोलते. क्लीनर दोनदा द्यावा लागला. दात्यांवर आणि पट्टीच्या बिजागरीवर पांढऱ्या ग्रीसचा तिळाएवढा ठिपका लावला. कंट्रोलला मात्र त्याचा स्पर्श होऊ दिला नाही. स्विच नीट दाबला जात नव्हता, तो त्याच्या गळ्यातील दोन नटांनी किंचित वर घेतला. सायंकाळी वीज आल्यावर भाच्याने गिटार जोडली. आवाज स्वच्छ आला. नवा कंट्रोलसुद्धा लागला नाही.

त्यानंतर पावसाळ्यासाठी आम्ही काही नियम ठरविले. वाजविणे संपले की इनपुटच्या जॅकमधून पीन काढावी. बहुतेक पेडलांत ती पीनच बॅटरीचा स्विच असते आणि आत राहिली तर बॅटरी रात्रभर झिजते. जून ते ऑक्टोबर बॅटरी काढून वेगळी ठेवावी. पेडल सुक्या फडक्याने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. पुड्यांतील रंगीत खडे ओल शोषून रंग बदलतात. मंद आचेवर तापविले की पूर्वीचा रंग येतो. मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये, कारण काही रंगीत खड्यांतील द्रव्य विषारी असते. मांडवात पेडल मातीवर वा ओल्या सतरंजीवर न ठेवता फळीवर ठेवावे. आणि कार्यक्रम नसला, तरी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे वाजवावे. वापरात असलेल्या वाद्याचा बिघाड लवकर कळतो.

यांतील कोणतीही गोष्ट नवी नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत आजोबांची पेटी अजून वाजते, ती काही पेटी अमर असते म्हणून नव्हे. कोणीतरी दर दसऱ्याला तिचा भाता पुसला, सुरांवरची धूळ झटकली, तिला भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवले, म्हणून ती वाजते. विजेचे वाद्य म्हटले की आपण हा हात आखडता घेतो आणि दुकानदार "फेकून द्या" म्हणाला की मान डोलावतो. भाच्याचे पैसे वाचले, याहून त्याची ही भीती गेली, याचा मला अधिक आनंद झाला.

गणेशोत्सवात पेडल सर्व रात्री नीट वाजले. दिवाळीत पुन्हा उळवीस गेलो, तेव्हा माजघरातील फळीवर आमच्या वडिलांच्या पेटीशेजारी एक पत्र्याचा डबा दिसला. बहिणीने त्यावर जुन्या साडीचे फडके बांधले होते.

"ओल लागायला नको म्हणून," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.