मार्गसंगम पुनर्रचना

मार्गसंगम पुनर्रचना : दोन किंवा अधिक रस्ते जेथे एकमेकांस मिळतात अथवा छेदतात, त्या ठिकाणास मार्गसंगम म्हणतात. सर्व रस्ते एकाच पातळीवर असल्यास त्यास समतल चौक व ते निरनिराळ्या पातळ्यांवर असून जोडमार्गांनी परस्परांस जोडलेले असल्यास त्यास बहुस्तरीय मार्गसंगम अशी संज्ञा आहे. नुसता उड्डाणपूल म्हणजे बहुस्तरीय मार्गसंगम नव्हे. उड्डाणपुलाने एक प्रवाह दुसऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. परंतु एका रस्त्यावरील वाहनास दुसऱ्या रस्त्यावर जावयाचे असेल, तर त्यासाठी चढ-उताराचे जोडमार्ग लागतात, आणि सर्व खर्च, जमीन व कौशल्य बव्हंशी या जोडमार्गांतच पडते. वाहतूक वाढल्यामुळे अपुरा पडलेला चौक वा संगम मोडून त्याची नव्याने आखणी करणे, याला मार्गसंगम पुनर्रचना म्हणतात. महामार्गालगत वेगाने वाढणाऱ्या उपनगरांत असे काम विशेषेकरून करावे लागते.

तत्त्व : चार रस्त्यांच्या साध्या चौकात, प्रत्येक दिशेस एकच मार्गिका धरली, तरी वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी परस्परांशी गाठ घालतात. त्यांपैकी १६ ठिकाणी त्या एकमेकींना छेदतात, ८ ठिकाणी एकत्र येतात व ८ ठिकाणी फुटून वेगळ्या होतात. तिठ्यावर हीच संख्या ९ असते. छेदणाऱ्या वाटा सर्वांत धोक्याच्या असून सिग्नलच्या योगाने त्या वेळेत विभागल्या जातात, तर पुलाच्या योगाने त्या अवकाशात विभागल्या जातात. वेळेच्या विभागणीस मर्यादा आहे, कारण एका दिशेस दिलेला प्रत्येक सेकंद दुसऱ्या दिशेकडून काढून घेतलेला असतो. त्यामुळे चौकाची धारणक्षमता संपत आली की, वाहनसंख्येत किंचित भर पडताच रांग अवाजवी लांबते. ‘काल तर इतकी गर्दी नव्हती’ असे जे नेहमी ऐकू येते, त्याचे कारण यातच आहे.

भारतीय रस्त्यांवर ट्रक, रिक्षा, दुचाकी, बस अशी मिश्र वाहतूक असल्याने तिचे मोजमाप ‘प्रवासी मोटार एकक’ या समान मापात करतात. इंडियन रोड्स काँग्रेस (स्थापना १९३४) या संस्थेच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार चौकाच्या सर्व बाजूंनी येणारी एकूण वाहतूक ताशी १०,००० एककांहून अधिक झाल्यास बहुस्तरीय मार्गसंगमाचा विचार करणे योग्य ठरते.

विकास : चार पाकळ्यांसारखी वळणे असलेला ‘क्लोव्हरलीफ’ आराखडा आर्थर हेल या अमेरिकन अभियंत्याने १९१६ मध्ये एकस्वाधिकाराने नोंदविला आणि अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वुडब्रिज येथे १९२९ मध्ये तो प्रत्यक्षात आला. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणून या रचनेत उजवीकडे वळू पाहणारे वाहन प्रथम पूल ओलांडते व नंतर पाकळीवरून डावीकडे पाऊणफेरा घेऊन इष्ट रस्त्याला लागते. सिग्नल अजिबात लागत नाही, हा तिचा गुण. मात्र एका पाकळीतून बाहेर येणारी व पुढच्या पाकळीत शिरणारी वाहने थोड्याच अंतरात एकमेकांच्या वाटा कापतात आणि वाहतूक दाटली की तेथेच ती अडते, हा तिचा मोठा दोष. जमीनही फार लागते. चेन्नईचा कत्तीपारा येथील याच जातीचा मार्गसंगम २००८ मध्ये पूर्ण झाला. मुंबईत उड्डाणपुलांचा प्रारंभ केम्प्स कॉर्नर येथे १९६५ मध्ये झाला. पुढे १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाल्यावर शहरात व उपनगरांत उड्डाणपुलांची मोठी मालिका उभी राहिली.

पुनर्रचनेतील अडचणी : माळरानावर नवा मार्गसंगम बांधणे व वाहत्या चौकाचा मार्गसंगम करणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात काम चालू असतानाही वाहतूक चालू ठेवावी लागते. रस्त्याखालील जलवाहिन्या, वीजतारा, मलवाहिन्या हलवाव्या लागतात आणि भोवती आधीच उभ्या राहिलेल्या वस्तीतून जमीन संपादावी लागते. पुण्याजवळील चांदणी चौकाचे काम याचे बोलके उदाहरण होय. मुंबई–बंगळूर महामार्गास कोथरूड, बावधन व मुळशीकडील रस्ते येथे मिळतात. भोवतालची उपनगरे वाढत गेली, तसा महामार्गावरील जुना पूल हाच अडसर होऊन बसला. नव्या रचनेचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. भूसंपादनात बराच काळ गेला. २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर सु. ६०० किग्रॅ. स्फोटकांच्या साहाय्याने जुना पूल पाडण्यात आला. स्फोटानंतरही त्याचा काही भाग लोखंडी सळयांच्या आधारे उभा राहिला व तो यंत्रांनी काढावा लागला. नवा बहुस्तरीय मार्गसंगम १२ ऑगस्ट २०२३ रोजी खुला झाला. महामार्गावरील कोंडी त्यामुळे बरीच सैल झाली. परंतु जोडमार्गांच्या गुंतागुंतीत नेमका कोणता धरावा, हे नवख्या चालकास उमगेना, आणि पूर्वी चौक ओलांडून बस पकडणाऱ्या पादचाऱ्याची वाट लांबली. कागदावरील आराखड्यात वाहनांच्या वाटा ठळक रेषांनी काढलेल्या असतात, माणसांच्या वाटा सहसा नंतर आठवतात.

मिरा-भाईंदर : (ठाणे जिल्हा). पुनर्रचनेचा प्रश्न एका चौकापुरता नसून संपूर्ण शहराच्या रचनेशी कसा निगडित असतो, हे या शहरात स्पष्ट दिसते. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस मिठागरे, खाजणे व समुद्र आणि पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर यांमुळे शहराबाहेर पडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत : दक्षिणेस दहिसरमार्गे मुंबईकडे, उत्तरेस वरसावे येथील खाडीपुलावरून वसई व गुजरातकडे आणि पूर्वेस घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे. या तिन्ही वाटा राष्ट्रीय महामार्गावरूनच (पूर्वीचा क्र. ८, आता क्र. ४८) फुटतात आणि शहराचा मुख्य रस्ता महामार्गाला काशीमिरा येथे मिळतो. परिणामी भाईंदरहून ठाण्यास निघालेली मोटार, सुरतेहून मुंबईस चाललेला ट्रक व घोडबंदरमार्गे न्हावाशेवा बंदराकडे जाणारा कंटेनर यांना महामार्गाचा तोच तुकडा वापरावा लागतो.

शहर वाढले ते खेडी एकमेकांना चिकटून. १२ जून १९८५ रोजी भाईंदर, मिरा, नवघर, खारी व गोडदेव या पाच ग्रामपंचायती मिळून नगर परिषद स्थापन झाली. नंतर काशी, घोडबंदर, उत्तन इ. गावे तीत आली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. लोकसंख्या सु. १·७५ लाख (१९९१), सु. ५·२० लाख (२००१) व आठ लाखांहून अधिक (२०११). वीस वर्षांत चौपटीहून अधिक झालेल्या या वस्तीला रस्त्यांचा सांगाडा मात्र जुन्या गावांचाच मिळाला. गोडदेव हे भाईंदर पूर्वेकडील मूळ गाव आता इमारतींनी पूर्ण वेढले असून गोडदेव नाक्याच्या नावात त्याची ओळख टिकून आहे. गावाकडून व रेल्वे स्थानकाकडून येणारी वाहतूक जवळच्या गोल्डन नेस्ट चौकात मुख्य रस्त्याला भेटते. तेथे पाच रस्ते एकत्र येतात. पश्चिम रेल्वेमार्गाने शहराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पाडले असल्याने रेल्वे ओलांडू पाहणाऱ्या वाहनांचाही भार या परिसरावर पडतो.

महामार्गावरील दुरुस्ती हीदेखील कोंडीचे कारण ठरते. वरसावे येथील जुन्या खाडीपुलाच्या दुरुस्तीसाठी वाहतूक वेळोवेळी रोखावी लागल्याने दोन्ही बाजूंस लांबच लांब रांगा लागत. शेजारचा नवा पूल २०२३ मध्ये खुला झाल्यावर हा जाच कमी झाला. त्यानंतर महामार्गावर काँक्रीटचा थर देण्याचे काम निघाले व २०२४ मध्ये पुन्हा तासन्‌तास कोंडी झाली. दहिसर पथकर नाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून पथकर माफ झाला, तथापि नाक्याची रचना व जड वाहनांचा पथकर राहिल्याने तेथील अरुंदपणा सुटला नाही.

दुमजली मार्ग : मुख्य रस्ता रुंद करण्यास दोन्ही बाजूंना जागा नाही, उरते ती वरची दिशा. दहिसर पूर्व ते भाईंदर या मेट्रो मार्गिका ९ च्या कामाबरोबर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने याच रस्त्यावर उड्डाणपूल घेतले. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल व त्यावर मेट्रो अशी ही रचना असून पूल व मेट्रो यांचा भार एकाच खांबावर पडतो. खांब एकच असल्याने रस्त्यावरील जागा वाचते व रस्ता दोनदा खणावा लागत नाही. नागपूर येथे वर्धा मार्गावर ३·१४ किमी. लांबीचा असा दुमजली मार्ग २०२० मध्ये पूर्ण झाला होता. मिरा-भाईंदरमधील पहिला उड्डाणपूल २०२४ मध्ये खुला झाला आणि मेट्रोच्या काशीगावपर्यंतच्या चाचण्यांना मे २०२५ मध्ये प्रारंभ झाला.

गोल्डन नेस्ट चौकावरील पूल मात्र वादाचा विषय झाला. चार मार्गिकांचा हा पूल भाईंदर पूर्वेकडे उतरताना दोन मार्गिकांचा होतो. त्याची छायाचित्रे २०२६ च्या प्रारंभी सर्वत्र फिरली व पूल चुकीचा बांधला गेल्याची टीका झाली. उपलब्ध रुंदीप्रमाणे दोन मार्गिका भाईंदर पूर्वेसाठी असून उरलेल्या दोन पुढे रेल्वेमार्ग ओलांडून भाईंदर पश्चिमेकडे नेण्यासाठी राखल्या आहेत, असा खुलासा प्राधिकरणाने केला. आखणी म्हणून हा खुलासा ग्राह्य आहे. दोन फाटे फुटणारा पूल फाट्याच्या जागी निमुळता दिसणारच. परंतु दुसरा फाटा होईपर्यंत पूल निमुळत्या नळीसारखाच वागतो. मार्गाची धारणक्षमता त्याच्या सर्वांत अरुंद भागाइतकीच असते. वर चार मार्गिकांत सुखाने आलेली वाहने तोंडाशी दोनमध्ये शिरू लागली की रांग पुलावर चढते. शिवाय वेगात असताना मार्गिका अचानक संपणे धोक्याचे असते. त्यासाठी पुरेसे आधी लावलेले सूचनाफलक, रस्त्यावर रंगविलेले बाण, परावर्तक व वेग कमी करणारे पट्टे यांची आवश्यकता असते.

परिणाम व मर्यादा : नवा मार्ग खुला झाला की प्रारंभी प्रवास सुकर होतो, परंतु पूर्वी वेगळ्या वेळी वा वेगळ्या साधनाने जाणारे लोक हळूहळू त्याकडे वळतात व गर्दीच्या वेळची कोंडी परत येते, असे प्रतिपादन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये केले. जेथे इमारतींची वाढ चालूच असते, तेथे ही प्रक्रिया अधिक वेगाने घडते. पुलासोबत सार्वजनिक वाहतुकीचे साधनही येणे, हे या दृष्टीने मिरा-भाईंदर योजनेचे बलस्थान होय.

पुलाखालचा रस्ता हा या योजनांचा दुर्लक्षित भाग असतो. दूरची वाहने वरून निघून गेल्यावर खाली रिक्षा, शाळेच्या बस, हातगाड्या व पादचारी उरतात आणि खांबांमुळे समोरचे दिसणे कमी होते. खांबांमधील जागेत वाहने उभी राहिल्यास वर मिळविलेली रुंदी खाली गमावली जाते. मेट्रो स्थानकाचा पादचारी पूल रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उतरविल्यास तिकीट न काढताही रस्ता ओलांडता येतो. अशी सोय मूळ आराखड्यातच असली तर तिचा खर्च अल्प असतो, नंतर करावयाची झाल्यास पुन्हा जागेपासून सुरुवात करावी लागते.